बीसीजी लसीचे जनक : अल्बर्ट काल्मेट

डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण आपल्या ओळखीचा. त्यातला 'सी' म्हणजे अल्बर्ट काल्मेट.

त्यांचा जन्म १८६३ साली फ्रान्समधील नीस येथे झाला. आधी नौदलात डॉक्टर, नंतर लील शहरातील पाश्चर संस्थेचे प्रमुख. १९०८ पासून पशुवैद्य गेरँ यांच्यासोबत त्यांनी गाईच्या क्षयाचे जंतू पित्त लावलेल्या बटाट्यावर वाढवले. दर तीन आठवड्यांनी नवा बटाटा! असं १३ वर्षं, सुमारे २३० वेळा. महायुद्धात लील जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी काम थांबलं नाही. शेवटी जंतू इतके दुबळे झाले की रोग होईना. पण शरीरातल्या टी-पेशी त्यांची ओळख लक्षात ठेवू लागल्या. खरा जंतू आला की या पेशी त्याला गिळणाऱ्या पेशींना बळ देतात.

१९२१ मध्ये पॅरिसला पहिल्या बाळाला लस मिळाली. १९३० मध्ये जर्मनीतील ल्युबेक येथे लस दिलेली ७२ बाळं दगावली. बोट काल्मेट यांच्याकडे गेलं. चौकशीत कळलं, तिथल्या प्रयोगशाळेत लसीत क्षयाचे घातक जंतू मिसळले होते. लस निर्दोष ठरली. १९३३ मध्ये काल्मेट गेले.

आजही ही लस चिमुकल्यांना मेंदूच्या क्षयापासून जपते. म्हणून पालकहो, बाळाचा हा पहिला डोस चुकवू नका.