बांधावरच्या निळ्या पानांचा माणूस

मंडळी, तुमच्यापैकी कुणी नाशिक, सांगली किंवा सोलापूरकडचं असेल तर 'डाऊनी' हा शब्द तुम्हाला नवा नाही. पावसाळी हवा पडली की द्राक्षबागायतदाराची झोप उडवणारा हाच तो केवडा. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी, आणि घडावर आला की वर्षभराची मेहनत मातीमोल! त्यावर घरोघरी केलं जाणारं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. मोरचूद, कळीचा चुना आणि पाणी, बस्स. यातलं 'बोर्डो' म्हणजे फ्रान्समधलं बोर्दो शहर. आणि त्यामागचा माणूस म्हणजे पिएर-मारी-आलेक्सी मियार्दे.

१८३८ साली फ्रान्सच्या ज्युरा भागात जन्मलेल्या मियार्देला वनस्पतींचं वेड होतं. त्यासाठी तो जर्मनीत शिकला. बुरशीशास्त्राचा पाया घालणारा आंतोन द बारी हा तिथला त्याचा गुरू. बुरशीचा बीजाणू कसा रुजतो, पानात कसा शिरतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बघायची सवय त्याला तिथेच लागली. पुढे स्ट्रासबर्गला नोकरी लागली. पण १८७०-७१ च्या युद्धात ते शहर जर्मनीकडे गेलं. मग नान्सी, आणि १८७६ मध्ये बोर्दोला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक.

पण टायमिंग बघा! तेव्हा फ्रान्सच्या बागांवर फायलोक्झेरा नावाचा बारीकसा कीडा तुटून पडला होता. तो मुळं पोखरायचा आणि वेल उभाच्या उभा वाळायचा. हा कीडा अमेरिकेतून आलेला, त्यामुळे तिथल्या रानद्राक्षांना त्याची सवय होती. म्हणून उपाय निघाला की खाली अमेरिकन मुळं आणि वर फ्रेंच द्राक्षाचं कलम. मियार्देनं या कामात स्वतःला झोकून दिलं. मात्र अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर बहुधा आणखी एक पाहुणा आला. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये केवडा दिसला. एका रोगाचं औषध आणायला जावं आणि दुसरा रोग घरी यावा, तसं झालं. अमेरिकन वेली हजारो वर्षं या रोगाशी झुंजून टणक झाल्या होत्या. युरोपातल्या द्राक्षानं मात्र तो कधी बघितलाच नव्हता. पानं गळायची, घड पिकायचेच नाहीत.

आता १८८२ चा ऑक्टोबर. मियार्दे मेदॉक भागातल्या सँ-जुलियाँ गावाजवळच्या बोकायू बागेतून चालला होता. सगळीकडे वेली उघड्याबोडक्या. फक्त रस्त्याकडेच्या ओळींवर पानं हिरवी, टवटवीत! जवळ जाऊन बघतो तर पानांवर निळसर पांढरा थर. त्यानं बागेचे व्यवस्थापक एर्नेस्ट दाविद यांना विचारलं. उत्तर साधं होतं. येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात, म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडायचा. विषारी दिसलं की कुणी हात लावत नाही. चोरांसाठी केलेली युक्ती होती ती.

ही गोष्ट लोक नेहमी 'नशीब' म्हणून सांगतात. पण थांबा. त्या रस्त्यानं शेकडो माणसं रोज जात होती. त्यांनी निळी पानं बघितली नाहीत का? बघितली की! पण चार वर्षं त्याच बुरशीच्या मागे लागलेला माणूस एकच होता. त्याला माहीत होतं की हा रोग पानावरच्या पाण्याच्या थेंबात पोहत आत शिरतो. एकदा शिरला की औषध उशिरा पोहोचतं. म्हणजे पहारा पानाच्या वरच हवा. तो निळा थर नेमका तोच पहारा होता.

तरीही त्यानं लगेच डांगोरा पिटला नाही. घरी परतून प्रयोग सुरू केले. तांब्याचा अगदी किंचित अंश पाण्यात असला तरी बीजाणू रुजत नाही, हे तपासलं. रसायनशास्त्रज्ञ उलीस गेयों सोबतीला आले, दाविद यांनी मोठ्या बागेत चाचण्या घेतल्या. १८८५ मध्ये कृती जाहीर झाली. ८ किलो मोरचूद १०० लिटर पाण्यात, १५ किलो चुना ३० लिटर पाण्यात, मग दोन्ही एकत्र. आज आपले शेतकरी १ टक्क्याचं मिश्रण करतात तेव्हा १०० लिटर पाण्याला दोन्ही एकेक किलो पुरतं.

इथे सिनेमा संपायला हवा होता. पण मियार्दे थांबला नाही. दर पावसानंतर फवारत बसणं हे त्याला अर्धंच उत्तर वाटत होतं. रोग मुळात लागूच नये असा वेल हवा. म्हणून शार्ल द ग्रासेसोबत तो युरोपियन आणि अमेरिकन वेलींचे संकर करत राहिला. त्यातला '४१ बी' हा खुंट चुनखडीच्या जमिनीत आजही वापरला जातो. केवड्याला आणि फायलोक्झेराला दाद न देणारा, पण चवीला अस्सल फ्रेंच असा वेल मात्र त्याच्या हाती लागला नाही. १९०२ मध्ये बोर्दोलाच त्याचं निधन झालं.

तो प्रश्न अजून सुटलेला नाही, बरं का. युरोपात आज केवड्याला तोंड देणारी वाणं आहेत. पण ही बुरशीही वर्षागणिक रूप बदलते आणि काही वाणांचं कवच तिनं फोडलंय. कित्येक नव्या औषधांनाही ती सरावली, कारण ती औषधं तिच्या शरीरात एकाच ठिकाणी घाव घालतात. तांबं एकाच वेळी अनेक ठिकाणी मारतं, म्हणून जुनं बोर्डो अजून टिकून आहे. पण तांबं जमिनीत साठत जातं, त्यामुळे तेही कितीही वापरून चालत नाही.

तेव्हा शेतीचं शिक्षण घेणाऱ्यांनो, जैवतंत्रज्ञानात करिअर करू पाहणाऱ्यांनो, मियार्देच्या कामाचा अर्धा भाग अजून पडून आहे. बघा, जमतंय का!