डॉ. कार्लोस फिनले

पिवळा ताप हा फार भयंकर रोग आहे. रोग्याला जोराचा ताप येतो, त्याचे डोळे पिवळे पडतात, रक्ताच्या उलट्या होतात. एकोणिसाव्या शतकात क्यूबा देशातील हवाना शहरात या रोगाने ठाण मांडले होते. घाणेरड्या हवेमुळे किंवा रोग्याच्या कपड्यांमुळे तो होतो, अशी लोकांची समजूत होती.

याच क्यूबात ३ डिसेंबर १८३३ रोजी कार्लोस फिनले यांचा जन्म झाला. लहानपणी झालेल्या आजारामुळे ते बोलताना अडखळत. १८५५ साली अमेरिकेत शिकून ते डॉक्टर झाले आणि पुढे हवानात रोग्यांची सेवा करू लागले.

जेथे डास जास्त, तेथे पिवळा ताप जास्त, हे त्यांच्या लक्षात आले. १४ ऑगस्ट १८८१ रोजी त्यांनी हवानातील विद्वानांच्या सभेत निबंध वाचला. एक विशिष्ट डास हा रोग पसरवतो, असे त्यांनी सांगितले. त्या डासाला आज एडीस इजिप्ती म्हणतात. घरातील साठवलेल्या पाण्यात तो अंडी घालतो. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा डास तोच!

सभेत कोणी लक्ष दिले नाही. पुढे लोक त्यांची थट्टाही करू लागले. त्यांनी शंभराहून अधिक माणसांवर प्रयोग केले, पण खात्रीचा पुरावा मिळेना. रोग्याचे रक्त प्यायल्यावर सुमारे १२ दिवसांनी डास रोग देऊ शकतो. फिनले मात्र थोड्याच दिवसांत तो डास दुसऱ्याला चाववत. एवढीच गोष्ट राहून गेली आणि वीस वर्षे वाया गेली.

१९०० साली अमेरिकन सैन्याचे डॉक्टर वॉल्टर रीड आपल्या साथीदारांसह क्यूबात आले. फिनले यांनी आपल्याजवळची डासांची अंडी त्यांना देऊन टाकली. वीस वर्षांचे काम असे दुसऱ्याच्या हाती सोपवणे सोपे नसते. साथीदारांपैकी डॉ. जेसी लेझिअर यांना डास चावला आणि २५ सप्टेंबरला ते मरण पावले. त्यांचे वय अवघे ३४ वर्षांचे होते.

मग रीड यांनी दोन खोल्या बांधल्या. एका खोलीत काही माणसे रोग्यांच्या मळक्या अंथरुणावर वीस रात्री झोपली. कोणालाही ताप आला नाही. दुसरी खोली स्वच्छ होती, पण मध्ये जाळी लावून एका बाजूला डास सोडले होते. त्या बाजूचा माणूस आजारी पडला, जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले.

१९०१ साली डॉ. विल्यम गॉर्गस यांनी हवानातील पाण्याची पिंपे झाकायला लावली, डबक्यांवर रॉकेल टाकले, घरांत धूर केला. काही महिन्यांतच पिवळा ताप शहरातून गेला.

१९०२ साली फिनले क्यूबाचे मुख्य आरोग्य अधिकारी झाले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी हवानात त्यांचे निधन झाले. या रोगाचा विषाणू त्यानंतर १२ वर्षांनी सापडला.