तीन पिढ्यांची एकच गोष्ट

आईचं अर्धवट राहिलेलं लेकीने पुरं करायचं, हे आपण घरोघरी पाहतो. बंगालच्या आशापूर्णा देवींनी याच धाग्यावर तीन कादंबऱ्या ओवल्या. म्हणूनच मैत्रिणींनो, त्या मला अगदी आपल्यातल्या वाटतात.

जन्म १९०९ चा, कोलकात्यातला. आजी भलतीच कडक, मुलींना शाळा नाही म्हणजे नाही! भाऊ शिकायला बसले की ही समोर बसून अक्षरं गिरवायची. आईला मात्र वाचनाचं भारी वेड, त्यामुळे घरात पुस्तकं भरपूर. तेराव्या वर्षी पहिली कविता छापून आली आणि पंधराव्या वर्षी लग्न झालं. पुढचं सगळं लेखन सासरचा संसार सांभाळूनच झालं.

१९६४ मध्ये ‘प्रथम प्रतिश्रुती’ आली. तिची नायिका सत्यवती, आठव्या वर्षी लग्न झालेली, तरी कुणाला न जुमानणारी. लेकीला शिकवायचंच, हा तिचा हट्ट. पण सासू तिच्या माघारी नऊ वर्षांच्या सुवर्णाचं लग्न लावून टाकते. सत्यवती भरला संसार सोडून काशीला निघून जाते.

तिचं बरोबर की चूक? मला अजूनही ठरवता येत नाही. आशापूर्णांनीही निकाल दिला नाही. आईच्या त्या निर्णयाची किंमत लेकीने कशी मोजली, ते त्यांनी १९६७ च्या ‘सुवर्णलता’मध्ये दाखवलं. सुवर्णाला हवी असते फक्त एक गॅलरी, बाहेरचं जग बघायला. सासरच्या नव्या घरात तीही मिळत नाही. तिने लिहिलेल्या आठवणींची घरात टिंगल होते, तेव्हा ती त्या स्वतः जाळून टाकते.

तिसरी बकुळ, सुवर्णाची लेक. ती लेखिका होते. १९७४ ची ‘बकुल कथा’ तिची. गंमत म्हणजे ही सगळी कहाणी बकुळच्या वहीतली आहे, हे पहिल्या कादंबरीच्या आरंभीच सांगून टाकलंय! म्हणजे आजी कशासाठी झगडली, ते सांगणारी नात सुरुवातीपासूनच लेखिकेच्या मनात होती.

‘प्रथम प्रतिश्रुती’साठी १९७६ चा ज्ञानपीठ पुरस्कार आशापूर्णांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९९५ मध्ये त्या गेल्या. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईने सुवर्णाची जळलेली वही बकुळच्या हातून पुन्हा लिहून घेतली, असंच मला वाटतं.