काठावरची माणसे

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या वसतिगृहात एक वाद रंगला होता. कारण तसे क्षुल्लकच. आम्ही सगळ्या जणींनी मिळून पाहिलेल्या एका चित्रपटात नायक एका हाताने रथ उचलतो आणि पुढच्याच प्रसंगात चार साध्या पहारेकऱ्यांच्या हाती सापडतो. एक गट म्हणे, ही कल्पनेची गोष्ट, तिच्यात तर्क कसला शोधता? दुसरा गट म्हणे, रथ उचलला हे मान्य, मग पहारेकरी का उचलले नाहीत? मी दुसऱ्या गटात होते, पण माझे म्हणणे मला नीट मांडता येईना. मुळात या विषयावर बोलायचा मला काय अधिकार, असेही वाटत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्याकडे तर टीव्हीवर देव प्रकटला की आजी हात जोडते आणि वडील तिला हसतात. कॉलेजात आल्यावर मीही हसायला लागले होते.

त्या वादात मला ज्यांचा आधार सापडला ते गृहस्थ १९४४ सालीच हे जग सोडून गेले. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके. नाशिक जिल्ह्यातल्या मुलीला हे नाव नवे नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. शाळेची सहल तेथे गेली होती, आम्ही डबे खाल्ले आणि परत आलो. पहिला चित्रपट काढणारे ते हेच, एवढे एक वाक्य मात्र पाठ झाले.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याचे काम मिळाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. मुलाने शास्त्री व्हावे अशी घराची रीत, पण मुलाचा ओढा रंगांकडे. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जे समोर येईल ते शिकत गेला. कानांत पुराणे आणि बोटांना रसायनांचे डाग, असा हा विद्यार्थी.

शिक्षणाने लगेच भाकरी मिळत नाही, हे तेव्हाही खरेच होते. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला, तोच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. फोटो काढला की माणसाचे बळ ओढले जाते अशी त्या काळी लोकांची समजूत होती, त्यामुळेही धंद्याला खीळ बसे. पुढे १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. मधल्या काळात ते एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोगही करू लागले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. प्रेक्षकाचा विश्वास कशाने बसतो आणि कशाने क्षणात मोडतो, हे जादूगाराइतके कोणाला ठाऊक असणार?

मग पुरातत्त्व खात्यातली नोकरी झाली, ती सुटली. लोणावळ्यास राजा रविवर्म्याच्या छापखान्यात काम केले. देवादिकांना माणसांचे चेहरे देऊन ती चित्रे घरोघर पोचवणारा हा छापखाना. त्यानंतर स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाई शिकण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसल्यावर छापखानाही सोडला. चाळिशी आली, हाती काही नाही. अशा वेळी गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालू लागले. तेथून पुढे वेडच लागले. रोज चित्रपट पाहायचे, रात्र रात्र जागून यंत्राचा अभ्यास करायचा. याचा परिणाम डोळ्यांवर झाला. काही काळ दृष्टी गेली, ती उपचारांनी परत आली. विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले, तेथे काम पाहिले, विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी केली आणि दोन महिन्यांत परतले.

आता पुढला खर्च कोण करणार? येथे दादासाहेबांनी जे केले ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेत राहिले. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल वाढतो. पडद्यावर हा सारा प्रकार मिनिटभरात उरकतो. 'अंकुराची वाढ' असे त्याचे नाव. ते पाहून कर्ज द्यायला माणसे तयार झाली.

आमच्याकडे वाटाणा होतो. पेरल्यापासून शेंग भरेपर्यंत पाणी, रोग, धुके यांच्या धास्तीत किती दिवस जातात ते मला माहीत आहे. म्हणून डोळ्यांदेखत वाढणारा वेल मला खरोखरच चमत्कार वाटतो. पण यात खोटे काय आहे? प्रत्येक चित्र खऱ्या कोंबाचे, क्रमही खरा. फक्त मधले दिवस काढून टाकले आहेत. पाने आधी आणि कोंब नंतर दाखवला असता, तर पेरणी केलेला कोणीही माणूस तिथल्या तिथे उठून गेला असता. फाळक्यांनी पौराणिक चित्रपटांतला पहिला देव दाखवण्याआधी ही शिस्त एका वाटाण्यावर शिकून घेतली होती.

'राजा हरिश्चंद्र'ची हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे, म्हणून लांबवत नाही. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. बायकांची कामे करणाऱ्या पुरुषांना मिशी काढायला सांगितले तर वडील हयात असताना मिशी कशी काढायची म्हणून अडून बसले. दादासाहेब मात्र मिशीवाली बाई चालवून घ्यायला तयार नव्हते. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत आणि कच्च्या फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे कामही करीत. स्मारकासमोर डबा खाताना हे नाव आम्हाला कोणी सांगितले नव्हते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

नंतर बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला आला. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये साळुंके यांनी रामही केला आणि सीताही! दोघांचा चेहरा एकच, आणि सीता म्हणजे पुरुष. आमच्या वसतिगृहातल्या पहिल्या गटाला हे सांगितले तेव्हा त्या आनंदल्या. बघा, लोकांनी चालवून घेतलेच ना? घेतले तर खरेच. राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढीत, असे सांगतात. पण लोकांनी चालवून घेतले ते काय, हे पाहायला हवे. नाटकात स्त्रीपार्ट पाहिलेल्या प्रेक्षकाला साडीतला पुरुष नवा नव्हता, तो करार आधीच झालेला होता. राम कसा वागतो, हनुमान कोणासाठी उडतो, हे कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. ते मोडले असते तर ट्रिकसीन कितीही सफाईदार असता, तरी वहाणा पायांतच राहिल्या असत्या.

'कालिया मर्दन' १९१९ चा. याचा बराच भाग शिल्लक आहे. आमच्या सरांनी तो वर्गात पडद्यावर दाखवला. कृष्णाचे काम दादासाहेबांच्या मुलीने, मंदाकिनीने केले आहे. सुरुवातीला ही सात वर्षांची मुलगी कृष्ण म्हणून येतच नाही. नुसती मुलगी म्हणून आपल्यासमोर येते, चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते, आणि मग पाहता पाहता तिच्याच जागी कृष्णवेषातली तीच दिसू लागते. हातचलाखी करणाऱ्या केल्फाने येथे हात आधीच उघडा करून दाखवला आहे. ही माझी मुलगी, हा वेष, आता पाहा.

पुढे कृष्ण यमुनेत पडतो आणि पाण्याखाली कालियाशी झुंज सुरू होते. खरे सांगायचे तर तो नाग नकली आहे हे कोणालाही कळते. वर्गात हशा पिकला, मीही हसले. पण दादासाहेब केवळ नाग दाखवीत नाहीत. पाण्याखालची झुंज थोडी दिसते की लगेच काठ दिसतो. काठावर गोकुळातली माणसे जमली आहेत, घाबरली आहेत, पाण्याकडे पाहत आहेत. पुन्हा पाणी, पुन्हा काठ. असे चार-दोन वेळा झाले आणि वर्गातला हशा कमी कमी होत गेला. नाग होता तसाच होता, पण काठ मी ओळखत होते. आमच्या गावात विहिरीवर जमलेली माणसे मी लहानपणी एकदा पाहिली आहेत, ती अशीच उभी होती.

माझे म्हणणे मला त्या दिवशी सापडले. नाग खरा असण्याची गरज नाही, काठावरची भीती खरी हवी. आणि पाण्यात पडलेले पोर बुडू शकते, हा नियम गोष्टीने शेवटपर्यंत पाळायला हवा. आमच्या त्या नायकाच्या चित्रपटात रथ खोटा होता म्हणून बिघडले नव्हते. त्याला पकडल्यावर कोणाच्या पोटात धस्स झाले नाही, कारण काही क्षणांपूर्वी त्याने काय केले होते ते चित्रपटच विसरून गेला होता.

दादासाहेबांचा पुढचा काळ सुखाचा नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी पटेना, ते काशीला निघून गेले, 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, पुन्हा परतले. १९३१ मध्ये बोलपट आला. १९३६ मध्ये प्रभातच्या 'संत तुकाराम'ने लोकांना वेड लावले. त्यातही चमत्कार आहेत, शेवटी विमान येते. पण त्या विमानाआधी जिजाईचा संसार आहे, तिची कटकट, तिची उपाशी पोरे आहेत. ती काठावरचीच बाई, असे मला वाटते. दुसऱ्याच वर्षी वृद्ध दादासाहेबांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' केला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपटही. त्यांनी उघडलेल्या दारातून इतर लोक बरेच पुढे निघून गेले होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मोबाइलवर आजीला 'कालिया मर्दन' दाखवला. बोलत नाही म्हणून आधी ती कुरकुरली. नाग आला तेव्हा तोंडाला पदर लावून हसली. वडील म्हणाले, बघ, तुझी आजीसुद्धा फसत नाही. मग काठ आला आणि ती गप्प झाली. कृष्ण वर आला तेव्हा तिने हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच ठेवून मला विचारले की त्या पोरीला पाण्यात किती वेळ ठेवली होती, थंडी नाही का वाजली तिला, आणि तिची आई होती का तिथे. मी सरस्वतीबाईंचे सांगितले. तेव्हा आजीने ती पोर साध्या कपड्यांत दिसते तो सुरुवातीचा भाग पुन्हा लावायला सांगितला.