नांगराचा आराखडा : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या सान्निध्यात आपण शिकतो. वस्तूचा आराखडा करणे हे अभियंत्याचे काम, कलाशाखेचा त्याच्याशी संबंध काय, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. महाराष्ट्रातील एका आद्य कारखानदाराचे चरित्र या समजुतीला छेद देते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत. रंग सुटले, तरी रेषा सुटली नाही. ते यांत्रिक रेखाटन शिकले व पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून, बेळगावात वडीलबंधू रामुअण्णांसमवेत त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. नंतर कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. विक्रीवाचून दोन वर्षे गेली. शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. आपल्या जमिनीत टिकायचा तर फाळ कठीण हवा, हे ओळखून ते नांगरात सुधारणा करीत राहिले. हळूहळू नांगर शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरला.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडलजवळ जमीन व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे यंत्रांबरोबर कामगारांच्या घरांचाही विचार झाला आणि अस्पृश्यतेला थारा मिळाला नाही.

१९४६ साली आपल्या शेजारच्या खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

लोखंड ओतणे हा त्यांच्या कामाचा निम्मा भाग होता. माणसाची भीती, सवय आणि गरज जाणणे हा उरलेला निम्मा. इतिहास, भाषा व समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचा अभ्यासविषयही तोच आहे. तेव्हा कारखान्याच्या फाटकापाशी आपण परके आहोत, असे मानण्याचे कारण नाही.