३९ अंकी मूळ संख्या हाताने सिद्ध करणारे ल्युका एका फुटक्या बशीमुळे गेले

१८९१ साल. फ्रान्समधल्या एका विज्ञान संस्थेच्या अधिवेशनात जेवणावळ चालू होती. वाढप्याच्या हातातून बश्या निसटल्या, एक तुकडा उडाला आणि एदुआर ल्युका यांच्या गालाला लागला. जखम चिघळली. काही दिवसांतच, ३ ऑक्टोबरला, ते गेले. वय अवघं ४९.

ल्युका अमियां गावचे, जन्म १८४२ चा. आधी पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी, मग प्रशियाविरुद्धच्या युद्धात तोफखान्यात अधिकारी आणि त्यानंतर आयुष्यभर गणिताचे मास्तर.

त्यांचं मोठं काम १८७६ चं. १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या, हे शाळेत सगळेच शिकतात. मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये दावा केला होता की २ चा १२७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते. ती ही:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

एकेका संख्येने भागून बघायचं म्हटलं तर शंभर पिढ्याही पुरल्या नसत्या. ल्युकांनी भागायचंच टाळलं.

त्यांची युक्ती छोट्या संख्येवर बघा. २ चा ७वा घात वजा १, म्हणजे १२७. सुरुवात ३ पासून. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी तेवढी ठेवा. ३ वरून ७, ७ वरून ४७, मग ४८, मग १६. १६ चा वर्ग २५६, वजा २ म्हणजे २५४. ही १२७ ची बरोब्बर दुप्पट. बाकी शून्य, म्हणून १२७ मूळ! (३ ची सुरुवात प्रत्येक घाताला चालत नाही, ७ आणि १२७ ला चालते.)

इथे पाच वेळा वर्ग केला. ३९ अंकी संख्येसाठी तो १२५ वेळा करावा लागतो, आणि एक हातचा चुकला की सगळं पाण्यात. ल्युकांनी ते कॉम्प्युटरशिवाय निभावलं. त्याहून मोठी मूळ संख्या थेट १९५१ मध्ये सापडली, तीही गणनयंत्राच्या मदतीने.

मर्सेन यांच्या यादीत ६७वा घातही होता. तो दावा ल्युकांनी खोटा ठरवला, गंमत म्हणजे एकही भाजक न शोधता. भाजक सापडले १९०३ मध्ये.

१९३० मध्ये लेमर यांनी ही पद्धत आणखी नेटकी केली. २०२४ मध्ये सापडलेल्या ४ कोटींहून जास्त अंकी मूळ संख्येवर शिक्कामोर्तब झालं ते याच ल्युका-लेमर चाचणीने.

आणि चकत्या एका दांडीवरून दुसरीवर हलवायचं ते 'टॉवर ऑफ हनोई' कोडं? तेही ल्युकांचंच, १८८३ चं. त्यांनी ते टोपणनावाने विकायला काढलं. सोबतच्या कथेत काशीच्या देवळातले पुजारी ६४ सोन्याच्या चकत्या हलवत बसलेले असतात. त्याला किमान चाली लागतात २ चा ६४वा घात वजा १. चकत्या १२७ केल्या, तर चालींची संख्या येते ल्युकांची तीच ३९ अंकी मूळ संख्या.