नवी पेठेतल्या पाटीवरचे एसेम

देगलूरच्या प्रत्येक ग्रुपमधला एक तरी मित्र एमपीएससीसाठी पुण्यात असतोच. त्याच्या रूमवर तुम्ही गेला असाल तर नवी पेठेत फिरताना एस. एम. जोशी सभागृहाची पाटी दिसली असेल, कदाचित एस. एम. जोशी पूलही ओलांडला असेल. हे एस. एम. कोण, असं त्या मित्राला विचारून बघा. समाजवादी नेते, संयुक्त महाराष्ट्र समिती, असं पूर्वपरीक्षेपुरतं उत्तर येईल. माझीही माहिती परवापरवापर्यंत तेवढीच होती. पण या माणसाचा आपल्या मराठवाड्याशी एक संबंध आहे, आणि तो जरा अवघड आहे.

पूर्ण नाव श्रीधर महादेव जोशी. जन्म १२ नोव्हेंबर १९०४, जुन्नरचा. मूळ गाव रत्नागिरीजवळचं गोळप. वडील लहानपणीच गेले, घरात पैशांची ओढाताण. तरी पुण्यात शिकले, फर्ग्युसनला गेले. महाराष्ट्र त्यांना नुसतं एसेम म्हणायचा.

१९२९ साली ते पंचविशीत होते, म्हणजे साधारण तुमच्या-माझ्याच वयाचे. पुण्यातल्या पर्वतीच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, त्यात एसेम होते. सनातनी मंडळींनी सत्याग्रहींवर दगड टाकले. पुण्यातला ब्राह्मण घरातला मुलगा, आणि दगड मारणारे आपल्याच आळीतले. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग स्वातंत्र्याची चळवळ, तुरुंग. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी अशी तरुण मंडळी एकत्र आली, चर्चा रंगल्या आणि १९३४ मध्ये काँग्रेसच्या आतच काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. कष्टकऱ्याला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे, पण तो मतपेटीतून, एकाच पक्षाची हुकूमशाही आणून नव्हे, अशी ही वाट. रशियापेक्षा ब्रिटनच्या मजूर पक्षाला जवळची. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्यानं बांधणी झाली तेव्हा एसेम दलप्रमुख झाले. १९४२ ला भूमिगत असताना दाढी वाढवून, इमाम अली हे नाव घेऊन ते फिरत होते. यावर वेब सिरीज कशी आली नाही, कळत नाही! १९४३ मध्ये पकडले गेले.

स्वातंत्र्यानंतर या पक्षाचं काय झालं, हे सांगताना दमछाक होते. १९४८ ला काँग्रेसमधून बाहेर. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या फक्त १२ जागा. मग प्रजा समाजवादी, मग फूट, मग संयुक्त समाजवादी, परत एकी, परत फूट. तुमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे जितके तुकडे झाले नसतील तितके यांच्या पक्षाचे झाले. एसेम यातल्या बहुतेक जोडकामात होते. ते हरलेही पुष्कळदा आणि मंत्री तर कधीच झाले नाहीत.

त्यांना खरं यश मिळालं ते संयुक्त महाराष्ट्र समितीत. कम्युनिस्ट, शेकाप, समाजवादी, रिपब्लिकन अशी एकमेकांशी न पटणारी माणसं एका मांडवात बसवायची आणि सरचिटणीस म्हणून सांभाळायची, हे काम त्यांनी केलं. आपल्या देगलूरला हा विषय नवा नाही. १९५६ मध्ये भाषेप्रमाणे राज्यं पाडली तेव्हा आपल्या तालुक्यातली जुक्कल आणि बिचकुंदा ही मंडळं तिकडे आंध्रात गेली, आपण इकडे मुंबई राज्यात आलो. १९५७ ला एसेम पुण्यातून आमदार झाले, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६७ ला ते पुण्याचे खासदारही झाले.

आता तो अवघड भाग. २७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला. एसेमचा जनता पक्ष सत्तेत होता आणि एसेम नामांतराच्या बाजूनं ठाम होते. त्यानंतर मराठवाड्यात जे पेटलं ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना क्रूरपणे मारलं. विरोध करणाऱ्यांत सगळे गुंड नव्हते हो. विद्यार्थी होते, प्राध्यापक होते, निजामाशी लढलेले काही आदरणीय लोकही होते. मराठवाड्याची अस्मिता, असं ते म्हणायचे.

अशा वातावरणात सत्तरी ओलांडलेले एसेम मराठवाड्यात आले. आणि त्यांच्या गळ्यात चपलांचा हार घातला गेला.

ज्यांच्यासाठी महाराष्ट्र मिळवला त्यांनीच. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली, मग पर्वतीचे दगड आठवले. एकोणपन्नास वर्षांनी तोच माणूस, जवळपास तोच प्रश्न. एसेमनी भूमिका बदलली नाही. मतांचा हिशेब मांडला असता तर मराठवाड्यात गप्प बसणं सोपं होतं. समाजवादी पक्ष लहान का राहिला, याचं एक कारण मला इथं दिसतं. दुसरं कारण त्यांची आपसातली भांडणं. त्याला मात्र कुणी बाहेरचा जबाबदार नाही.

१९८४ च्या सुमारास त्यांचं आत्मचरित्र आलं, मी एस. एम. या नावाचं. लायब्ररीत मिळालं तर बघा. १ एप्रिल १९८९ ला पुण्यात ते गेले. तोवर विद्यापीठाचं नाव बदललेलं नव्हतं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं विद्यापीठ सुरू झालं, आणि देगलूरच्या पोरांच्या मार्कमेमोवर स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आलं. त्या नावावरून काही जळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.